स्मार्टवॉच कुणाला मिळालं आणि चालायला कोण लागलं?

पत्र

नमस्कार ताई,
नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी एचआरला आहे. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. एकूण 240 माणसं. त्यातली 90 ऑफिसात, बाकीची शॉपफ्लोअरवर, तीन शिफ्टमध्ये. वार्षिक तपासणीत ऑफिसातल्या बऱ्याच जणांची साखर आणि बीपी वाढलेलं निघालं, म्हणून गेल्या वर्षी आम्ही महिनाभराचं 'स्टेप चॅलेंज' घेतलं. रोज 10,000 पावलं, रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट, पहिल्या तिघांना स्मार्टवॉच. पहिल्या आठवड्यात 130 जण होते, चौथ्यात 22 उरले. जिंकलेले तिघंही आधीपासून मॅरेथॉन पळणारे. एकाने फोन बाळाच्या पाळण्याला बांधून पावलं वाढवली हे नंतर कळलं. अकाउंट्समधल्या बायका दुसऱ्याच आठवड्यात थांबल्या. स्टोअरमधल्या एका काकांची पावलं कमी म्हणून ग्रुपवर चेष्टा झाली, त्यांनी ग्रुप सोडला, आता माझ्याशीही नीट बोलत नाहीत. साहेब म्हणतात, यंदा पुन्हा घ्या आणि सक्तीचं करा. लोकांनी खरंच हालचाल करावी असं मला मनापासून वाटतं. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी त्या काकांपाशीच थांबले. हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी होता ती माणसं म्हणजे हे काका. दिवसभर स्टोअरच्या खुर्चीत बसणारे, पन्नाशी ओलांडलेले, कदाचित साखरेची गोळी घेणारे. ते पहिल्या आठवड्यात आले होते. म्हणजे इच्छा होती. आपण त्यांना रोज रात्री सगळ्या ग्रुपसमोर सांगत राहिलो की तुम्ही शेवटून दुसरे आहात. कुणीही ग्रुप सोडला असता.

सोडून गेलेल्या त्या 108 जणांना आळशी म्हणू नका. तिसऱ्या दिवशीच त्यांना कळलं होतं की घड्याळ आपल्याला मिळणार नाही, आणि घड्याळ सोडून त्या चॅलेंजमध्ये त्यांच्यासाठी दुसरं काहीच ठेवलेलं नव्हतं.

मीही एकदा अगदी हेच केलंय. फिजिओथेरपिस्ट म्हणून कंपन्यांमध्ये जायला लागले त्या सुरुवातीच्या काळात, पुण्यातल्या एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी नावांचा तक्ता लावला होता. सर्वांत जास्त पावलं वर, सर्वांत कमी खाली. दहा दिवसांनी एक बाई हळूच येऊन म्हणाल्या, "माझं नाव काढता का?" मी त्यांची वही पाहिली. 2,500 पावलांवरून त्या 4,000 वर पोचल्या होत्या. त्या अख्ख्या ऑफिसात एवढी वाढ दुसऱ्या कुणाची नव्हती आणि माझ्या तक्त्यात त्या तळाशी होत्या. तो तक्ता मी त्याच संध्याकाळी काढला.

आधी त्या 10,000 चं पाहू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. हा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. टोकियोच्या 1964 च्या ऑलिंपिकनंतर, 1965 साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर गेला. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत साधारण बहात्तरीच्या स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी होतं, आणि 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. 2025 साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात बरेच अभ्यास एकत्र तपासलेला लेख आला. त्यात 2,000 पावलांच्या तुलनेत 7,000 पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका 47 टक्क्यांनी कमी दिसला. सर्वांत मोठा लाभ अगदी कमी चालणारा माणूस थोडं जास्त चालायला लागतो तेव्हा होतो. तुमचा मॅरेथॉनवाला 14,000 चे 17,000 करेल त्याने त्याच्या तब्येतीत फार फरक पडणार नाही. काकांच्या 2,500 चे 4,500 झाले तर पडेल.

म्हणून यंदा पहिला आठवडा नुसता मोजणीचा ठेवा. कुणी काही वाढवायचं नाही, नेहमीसारखं जगायचं आणि आकडा स्वतःच्या वहीत लिहायचा. आठवड्याची सरासरी निघाली की प्रत्येकाने त्यात आपल्याला झेपेल तेवढी भर घालून स्वतःचं लक्ष्य ठरवायचं. कुणी 1,500 घालेल, कुणी 2,000. तुमच्याकडून आकडा देऊ नका, त्यांनाच ठरवू द्या.

स्पर्धा नकोच असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत डिलॉइट कंपनीच्या 602 कर्मचाऱ्यांवर झालेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं वजन जास्त होतं आणि सगळ्यांनी आपापल्या सरासरीवरून आपलं लक्ष्य आधी ठरवलं होतं. मग काहींना तिघातिघांच्या गटात एकमेकांशी स्पर्धा दिली, काहींना एकमेकांच्या सहकार्याने खेळायला सांगितलं, काहींच्या घरच्या किंवा जवळच्या माणसाला दर आठवड्याला प्रगती कळवली, आणि काहींना नुसतं मोजायचं यंत्र दिलं. 24 आठवड्यांत तिन्ही खेळांनी पावलं वाढवली, पण सर्वांत जास्त वाढवली ती स्पर्धेने, नुसतं यंत्र मिळालेल्यांपेक्षा रोज सरासरी 920. खेळ संपल्यावर पुढचे 12 आठवडे फरक टिकला तोही स्पर्धेच्याच गटात.

पण ती स्पर्धा कशाची होती ते बघा. दर सोमवारी प्रत्येकाच्या खात्यात 70 गुण आधीच जमा व्हायचे. ज्या दिवशी स्वतःचं लक्ष्य चुकेल त्या दिवशी 10 गुण जायचे. 4,500 चं लक्ष्य पाळणारा आणि 12,000 चं पाळणारा, दोघंही आठवड्याअखेर 70 वर. तिथे काका मॅरेथॉनवाल्याला हरवू शकतात. आणि मिळवण्यापेक्षा हातातलं न गमावण्याला माणूस जास्त जपतो, हे तुम्हाला भिशीत आणि रजेच्या हिशेबात रोज दिसत असेलच. ही पद्धत जशीच्या तशी उचला. तिघांचे नाहीतर चौघांचे गट करा, चिठ्ठ्या टाकून, म्हणजे एका गटात अकाउंट्स, स्टोअर, डिझाइन आणि क्वालिटी असे मिसळतील. लक्ष्यापुढे कितीही चाललं तरी गुण तेवढेच, म्हणजे पाळणा हलवून उपयोग नाही आणि उत्साहाच्या भरात गुडघा दुखवून घेण्याचंही कारण नाही. ग्रुपवर रोजचे स्क्रीनशॉट पूर्ण बंद. गटाने आपला हिशेब आपल्यात ठेवावा, तुमच्याकडे आठवड्यातून एकदा फक्त गटाची बेरीज यावी.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते, आणि हे साहेबांनाही वाचून दाखवा. गेल्या वर्षी तुमच्या कंपनीने लोकांना लक्ष्य दिलं, घड्याळं दिली, पण वेळ एक मिनिटही दिला नाही. 10,000 पावलं कधी चालायची होती? कंपनीच्या बसमध्ये चढण्याआधी, नाहीतर घरी गेल्यावर. अकाउंट्समधल्या बायका दुसऱ्या आठवड्यात का थांबल्या हे त्यांना विचारलंत का? मी अशा बायकांशी वर्षानुवर्षं बोलते आहे. सकाळी डबे, पाणी भरणं, मुलांची शाळा. संध्याकाळी साडेसहाला घरात पाय टाकला की ओट्यापाशी दुसरी पाळी सुरू. त्यांना कंपनीने सांगितलं की आता रात्री नऊनंतर तासभर चाला. कॉलनीत अंधार, कुत्री, आणि घरातल्यांचा प्रश्न, "आत्ता कुठे निघालीस?" 2024 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये जी आकडेवारी आली, तिच्यानुसार भारतात पुरेशी शारीरिक हालचाल नसलेल्या पुरुषांचं प्रमाण सुमारे 42 टक्के आणि स्त्रियांचं सुमारे 57 टक्के आहे. हा फरक आवडीनिवडीचा आहे असं मी कधीच मानणार नाही. स्वतःचा म्हणावा असा वेळ कुणाकडे आहे, याचा तो फरक आहे.

लंडनमधला एक जुना अभ्यास मला इथे नेहमी आठवतो. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी 1953 मध्ये तिथल्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. चालक दिवसभर बसून. वाहक तिकिटं फाडत रोज 500 ते 750 पायऱ्या चढायचे. हृदयविकार चालकांमध्ये जास्त निघाला. (पुढे मॉरिस यांनीच गणवेशाची मापं तपासली, तर चालकांच्या कंबरा भरतीच्या वेळेपासूनच थोड्या मोठ्या होत्या. म्हणजे सगळा फरक पायऱ्यांचा नव्हता. स्वतःच्या निष्कर्षावर असा प्रश्न विचारणारा संशोधक मला फार मोठा वाटतो.) पण माझा मुद्दा वेगळा आहे. त्या वाहकांनी चालण्यासाठी वेगळा वेळ काढला नव्हता. त्यांची हालचाल पगाराच्या वेळेत, कामातच होत होती.

तुमच्याकडे हे कसं जमेल? जोरात चाललं तर मिनिटाला साधारण 100 पावलं होतात. म्हणजे 10 मिनिटांत 1,000. सकाळच्या चहानंतर 10 मिनिटं आणि दुपारच्या चहानंतर 10 मिनिटं कंपनीने अधिकृतपणे दिली, तर रोजची 2,000 जादा पावलं ऑफिसातच होतात. तुमचा आठवडा सहा दिवसांचा असेल तर ती 120 मिनिटं झाली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. उरली 30. ती रविवारी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सहज होतील, किंवा जेवल्यावर शतपावलीत भागतील. आपल्या आजी-आजोबांनी जेवणानंतरच्या चालण्याला चांगलं नाव देऊन ठेवलंय, आणि जेवणानंतर चाललं की रक्तातली साखर कमी चढते हे आता मोजूनही पाहिलेलं आहे. एकदम अर्धा तास चाललं तरच ते मोजायचं असंही काही नाही. पूर्वी सलग 10 मिनिटांची अट होती, संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात ती काढून टाकली. जिना चढून गेलात तेही धरलं जातं.

ही 20 मिनिटं दिली आहेत हे कागदावर यायला हवं, साहेबांच्या सहीने. आणि ती घेताना सर्वांत आधी साहेब स्वतः उठून दिसले पाहिजेत. मॅनेजर खुर्चीत बसून असेल तर हाताखालचा माणूस नोटीस कितीही वाचो, उठत नाही. पुण्यातल्या त्याच ऑफिसात आम्ही फक्त एवढंच बदललं की चहा टेबलावर यायचा तो पॅन्ट्रीत मिळायला लागला आणि विभागप्रमुख रोज स्वतः तिथे जायला लागले. चहा देणाऱ्या दादांचं काम गेलं नाही, ते पॅन्ट्रीत उभे राहून देऊ लागले. दिवसातून दोन वेळा सगळा मजला उभा राहिला.

चालायचं कुठे हेही ठरवून द्या. सातपूरच्या रस्त्यावर ट्रेलर धावतात, तिथे कुणाला पाठवू नका. कंपाउंडच्या आतून, फोर्कलिफ्टचा मार्ग टाळून, एक फेरी आखा आणि पिवळ्या रंगाने खुणा करा. जिन्यातले बंद दिवे लावा, मधली कुलपं काढा. बायकांना सांगा की एक जुना बुटांचा जोड टेबलाखाली ठेवा. चपला घालून दहा मिनिटं जोरात चालता येत नाही. साडी किंवा पंजाबी ड्रेसवर बूट घालायला पहिल्या दिवशी संकोच वाटतो, चौघी मिळून निघाल्या की वाटत नाही. पावसात किंवा उन्हात फेरी शक्य नसेल तर आयुष मंत्रालयाचा 'वाय-ब्रेक' हा खुर्चीपाशी करता येणारा 5 मिनिटांचा योगाचा क्रम आहे, तो लावा.

शॉपफ्लोअरचं मात्र पूर्ण वेगळं आहे आणि तुम्ही त्यांनाही त्याच पावलांच्या खेळात ओढलंत याचं मला वाईट वाटलं. आठ तास मशीनवर उभा राहिलेला माणूस, यंत्रावरचे जड भाग उचलून ठेवणारा माणूस, त्याला आणखी 10,000 पावलं कशाला? कामातलं उभं राहणं आणि ओझी उचलणं याला व्यायाम समजू नका. त्यात विसावा नसतो, तेच तेच स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. त्यांना हवा पाठीला, खांद्याला, पोटऱ्यांना आराम देणारा ताण, म्हणजे स्ट्रेचिंग. शिफ्ट सुरू होताना सुपरवायझरसोबत 5 मिनिटं, मधल्या सुट्टीत टेकायला बाक, उभं राहायच्या जागी रबरी मॅट. त्यांचा खेळ ठेवायचाच असेल तर लाइननिहाय ठेवा. आठवड्यात किती दिवस सगळ्या लाइनने मिळून ताण घेतले, एवढंच मोजा. आणि नाईटवाल्यांना सकाळी थांबवून कसलाही कार्यक्रम करू नका, त्यांना झोपू द्या.

सक्ती करू नका. साहेबांना स्पष्ट सांगा की सक्ती केली की हजेरी मिळेल आणि पाळणे वाढतील. शिवाय कुणी का येत नाही याची कारणं तुम्हाला ठाऊक नसतात आणि विचारायचा अधिकारही नाही. कुणाला दिवस गेले असतील, कुणाची पाळी त्रासाची असेल, कुणाचं मन थाऱ्यावर नसेल. वजन, साखर, कंबरेचं माप हे एचआरच्या फाइलीत येऊच देऊ नका. ते तपासणाऱ्या डॉक्टरांकडे राहावं. पावलांचा आकडा वर्षअखेरच्या मूल्यमापनाला जोडला जाणार नाही, हेही त्याच नोटिशीत लिहा. 45 च्या पुढच्यांनी आणि ज्यांना साखर, बीपी, हृदयाचा त्रास, चालताना छातीत जड वाटणं किंवा चक्कर येणं असं काही आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. हे सुरुवातीलाच सांगा आणि कंपनीच्या डॉक्टरांना त्यासाठी दोन दिवस बसवा.

बक्षिसाबद्दल थोडकंच. घड्याळं बंद करा. मोठं बक्षीस आधीच धावणाऱ्यांना ओढतं आणि बाकीच्यांना खोटं बोलायला लावतं. ज्या गटाने सहा आठवडे गुण टिकवले त्या सगळ्या गटाला अर्ध्या दिवसाची सुट्टी द्या. मी पाहिलंय, माणसं त्यासाठी जास्त मनापासून चालतात.

खेळाला एखादी वाट दिलीत तर गंमत येईल. आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर. चौघांच्या गटाने रोज प्रत्येकी 2,000 पावलं जादा घातली तर मिळून साडेपाच-सहा किलोमीटर होतात, म्हणजे सहा-सात आठवड्यांत गट पंढरपूरला पोचतो. कॅन्टीनच्या भिंतीवर नकाशा लावा आणि नावांऐवजी गटांचे झेंडे पुढे सरकवा. सगळ्यांना वारीच भावेल असं नाही, एखाद्या गटाला गोव्याला जावंसं वाटेल, जाऊ द्या. पुण्यात आयटीतली माणसं दरवर्षी आयटी दिंडी काढून पालखीसोबत एक-दोन टप्पे खरोखर चालतात. तुमच्यातल्या काहींना पुढे श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला एकत्र जावंसं वाटलं तर ती त्यांची हौस, कंपनीचा कार्यक्रम नको.

सुरुवात दिवाळीनंतर करा. हवा चांगली असते. मार्चमध्ये चुकूनही नको, अकाउंट्सच्या बायका पुन्हा हरतील.

साहेब विचारतील, याने मेडिकलचा खर्च किती वाचेल? खोटं आश्वासन देऊ नका. इलिनॉय विद्यापीठाने जवळपास 5,000 कर्मचाऱ्यांमध्ये चिठ्ठ्या टाकून आरोग्य कार्यक्रम राबवला. वर्षभराने उपचाराच्या खर्चात किंवा रजांमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, आणि भाग घेणारे मुळात आधीच जास्त निरोगी होते. दुसरीकडे मुंबईतून सुरू झालेल्या 'स्टेपॅथलॉन' या 100 दिवसांच्या कंपन्यांमधल्या खेळात 69,219 जणांची नोंद तपासली गेली आणि पावलं रोज सरासरी 3,500 नी वाढलेली दिसली. पण तिथे न खेळणाऱ्यांशी तुलना केलेली नव्हती, हेही साहेबांना सांगा. त्यांना एवढंच म्हणा, की आपण माणसांना दिवसात 20 मिनिटं देतो आहोत आणि सहा महिन्यांनी किती जण ती अजून घेत आहेत ते बघू. यश मोजायचं असेल तर मला एकच आकडा हवा. पहिल्या आठवड्यात 4,000 च्या खाली असलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत राहिले?

हे सगळं सुरू करण्याआधी दोन कामं करा. काकांकडे स्टोअरमध्ये जा, एकटे, ऑफिसचा फोन बाजूला ठेवून, आणि ग्रुपवर झालं ते चुकलं असं म्हणा. यंदा यायचा आग्रह त्यांना करू नका. कंपाउंडची फेरी आखायला सोबत येता का, एवढंच विचारा. कुठे सावली आहे, कुठे माल उतरतो, कुठे पाणी साचतं हे स्टोअरच्या माणसाइतकं कुणाला ठाऊक नसतं. मग टेप घेऊन फेरी किती मीटरची होते ते मोजा आणि मला कळवा. किती फेऱ्यांना किती मिनिटं लागतील याचा तक्ता मी करून पाठवते.